तीनशे कोटी अक्षरांचा नकाशा

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुने मोडी कागद आहेत का? आमच्या घरी होते. आजोबांच्या पेटीत, लाल फडक्यात बांधलेले. जमिनीचा एक वाद निघाला तेव्हा ते बाहेर काढले. आम्ही मॅट्रिक झालेलो, शाळेत शिकवत होतो. पण त्या कागदापुढे आम्ही निरक्षरच! मोडीत आधी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरे एका दमात लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, काही कळत नाही. शेवटी तालुक्याहून एक जाणते गृहस्थ आले. त्यांनी कागदावर बोट ठेवून सांगितले, "हे पाहा, इथे गावाचे नाव आहे. इथे विहीर. आणि इथे तुमच्या पणजोबांची निशाणी." त्याबरोबर तो कागद आमच्याशी बोलू लागला.

असाच एक कागद आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. तोही एकटाकी लिहिलेला. त्यात कुठे जागा सोडलेली नाही, की पूर्णविराम नाही. तो वाचायला शास्त्रज्ञांनी संगणकावर एक साधन केले आहे. त्याला जीनोम ब्राउझर म्हणतात. नाव अवघड आहे, पण काम समजण्यासारखे आहे. आम्हांला ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवले. तो पुण्याला एका प्रयोगशाळेत संगणकावर काम करतो. दिवाळीला गावी आला होता. दोन संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून त्याने सगळे उलगडून दाखवले आणि आम्ही वहीत टिपून घेतले. तेच इथे सांगतो.

आधी तो कागद कसला ते पाहू. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक प्रत्येक पेशीच्या पोटात धाग्यांच्या २३ जोड्या असतात. या धाग्यांना गुणसूत्रे म्हणतात. जोडीतला एक धागा आईकडून येतो, एक बापाकडून. धाग्यावर जणू मणी ओवलेले असतात आणि मणी चारच प्रकारचे. त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे दिली आहेत: ए, सी, जी आणि टी. आपली मुळाक्षरे किती! इथे अक्षरे फक्त चार. पण ती एकापुढे एक अशी सुमारे ३०० कोटी आहेत. या सगळ्या मजकुराला जीनोम म्हणतात.

३०० कोटी म्हणजे किती? आपण हिशेब करू. पुस्तकाच्या एका पानावर हजारभर अक्षरे मावतात असे धरा. मग ३० लाख पाने लागतील. दोनशे पानांचे एक पुस्तक केले तर १५,००० पुस्तके होतील. आमच्या शाळेच्या वाचनालयात लहान-मोठी सगळी मिळून ८०० पुस्तके होती. तीसुद्धा आम्ही सगळी वाचली नाहीत, हे कबूल करतो.

या मजकुरात मधूनमधून कामाची वाक्ये येतात. त्यांना जनुके म्हणतात. एखादे प्रथिन कसे बनवायचे ते जनुक शरीराला सांगते. अशी जनुके सुमारे २०,००० आहेत. पण त्यांतली प्रत्यक्ष कृती सांगणारी अक्षरे शंभरात जेमतेम एक-दोन भरतात. मग बाकी काय आहे? काही ठिकाणी जनुक चालू-बंद करणारी बटणे आहेत. काही ठिकाणी तेच ते पुन्हा पुन्हा लिहिलेले आहे. काही ठिकाणचा अर्थ अजून लागलेला नाही.

हा मजकूर उतरवून घेण्याचे काम १९९० साली सुरू झाले. अमेरिका, इंग्लंड, जपान, फ्रान्स, जर्मनी, चीन अशा देशांतल्या प्रयोगशाळांनी ते वाटून घेतले. मजकूर सलग वाचता येत नव्हता, तुकडे करून वाचावा लागे. २००० सालच्या उन्हाळ्यापर्यंत लाखो तुकडे जमले. पण ते जुळवायचे कसे? पोथी सुटली, पाने वाऱ्यावर उडाली आणि पानांवर आकडेच नाहीत, तशी गत झाली.

त्यात आणखी एक घोर होता. सेलेरा नावाची एक खाजगी कंपनी तेच काम करत होती. तिला ही माहिती वर्गणी घेऊन दाखवायची होती. शिवाय त्या काळी कंपन्या एकेका जनुकावर पेटंट, म्हणजे मालकीसारखा हक्क, मागत होत्या. आता सांगा, कागद तुमच्या-आमच्या अंगातला. तो वाचायला पैसे कुणाला द्यायचे? पुष्कळ शास्त्रज्ञांना याची धास्ती वाटत होती.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात समुद्रकाठी सांताक्रूझ नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात डेव्हिड हाउसलर या प्राध्यापकांच्या हाताखाली जिम केंट नावाचा विद्यार्थी होता. विद्यार्थी म्हणजे पोर नव्हे. चाळीस वर्षांचा बाप्या माणूस! आधी तो संगणकावर हलती चित्रे काढण्याच्या आज्ञावली लिहीत असे. मग जीवशास्त्र शिकावेसे वाटले म्हणून पुन्हा शिकायला गेला. (मोठेपणी पाटी हातात घेणारे तुम्ही एकटेच नाही, बरं का.) या केंटने तुकडे जुळवणारी आज्ञावली चार आठवड्यांत लिहिली. रात्रंदिवस बोटे चालवून मनगटे दुखू लागली. रात्री तो ती बर्फाने शेकत असे. विद्यापीठाने आणलेल्या शंभर साध्या संगणकांवर ती आज्ञावली चालवली आणि २२ जून २००० रोजी तुकडे जुळले. कंपनीच्या जुळणीच्या तीन दिवस आधी! २६ जूनला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ही बातमी जगाला सांगितली. आणि ७ जुलै २००० रोजी सांताक्रूझच्या विद्यापीठाने सारा मजकूर इंटरनेटवर ठेवून दिला. कुणीही यावे, पाहावे, उतरवून न्यावे. ना फी, ना परवाना.

तो मजकूर कच्चा होता. २००३ साली तो बराचसा पक्का झाला. राहिलेल्या फटी २०२२ साली बुजल्या. पेटंटचे भांडणही पुष्कळ वर्षे चालले. स्तनांच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या दोन जनुकांवर एका अमेरिकन कंपनीचे पेटंट होते. तो खटला वरपर्यंत गेला. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जे जनुक निसर्गात आहे तसेच नुसते वेगळे काढले, त्यावर पेटंट मिळणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मजकूर खुला झाला, पण उघडून पाहिला तर काय दिसते? जीजीएटीसीएटीटीजी... असे पानेच्या पाने. आमच्या मोडी कागदासारखेच. पाहणाऱ्याचे डोळे फिरतात. केंटने आधी मातीत राहणाऱ्या एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीची जनुके चित्राने दाखवणारे एक पान संगणकावर केले होते. तेच त्याने माणसासाठी वाढवले. हाच सांताक्रूझचा जीनोम ब्राउझर.

तलाठ्याकडचा गावनकाशा तुम्ही पाहिला असेल. त्यात प्रत्येक शिवाराला गट नंबर असतो. नंबर सांगितला की कुणाचे रान, कुठे बांध, कुठे ओढा, सारे बोट ठेवून दाखवता येते. या ब्राउझरात तसेच आहे. पडद्यावर सगळ्यात वर एक पट्टी असते, शिंप्याच्या टेपासारखी. तिच्यावर आकडे असतात. प्रत्येक अक्षराला त्याचा आकडा ठरलेला. कितवे गुणसूत्र आणि कितवे अक्षर, एवढे सांगितले की जगातला कुठलाही माणूस नेमका त्याच जागी पोचतो. एक बटण दाबले की नकाशा जवळ येतो, दुसरे दाबले की लांब जातो. लांबून पाहिले तर आख्खे गुणसूत्र एका नजरेत. जवळ जावे तसतशी आधी जनुके दिसू लागतात आणि शेवटी सुटे सुटे अक्षर.

खरी गंमत पट्टीच्या खाली आहे. शाळेत आम्ही मुलांना महाराष्ट्राचा नकाशा काढायला लावत असू. मग त्यावर पातळ कागद ठेवून एका कागदावर नद्या, दुसऱ्यावर पिके, तिसऱ्यावर पाऊस. सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले की पोरांच्या ध्यानात येई, अरे, जिथे पाऊस तिथे भात! ब्राउझरात कागद एकावर एक नसतात, एकाखाली एक ओळीने असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. एका ओळीत जनुके. एका ओळीत माणसामाणसांत कुठली अक्षरे वेगळी असतात त्या खुणा. एका ओळीत उंदीर, कोंबडी, मासा यांच्या जीनोमशी ताडून पाहिलेले साम्य. जिथे अक्षरे कोट्यवधी वर्षांत बदलली नाहीत, तिथे या ओळीत टेकडी उभी राहते. इतकी वर्षे निसर्गाने जे खोडू दिले नाही, ते नक्कीच कामाचे असणार, नाही का? आणखी एका ओळीत कुठल्या पेशीत कुठला भाग उघडा आहे, कुठला गुंडाळलेला आहे, ते दिसते. अशा ओळी शेकड्यांनी आहेत. आपल्याला हव्या तेवढ्या उघडायच्या, बाकीच्या झाकायच्या. ज्याने-त्याने आपल्या प्रयोगशाळेत केलेले काम एकाच पट्टीखाली येते. हे फार मोठे काम झाले, असे आम्हांला वाटते. आधी प्रत्येकाची वही वेगळी होती.

विद्यार्थ्याने विचारले, "सर, कुठली जागा दाखवू?" आम्ही म्हणालो, "सिकलसेलची दाखव."

हे आम्ही का म्हणालो ते सांगायला हवे. आमची बरीच नोकरी विदर्भात झाली. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. हिवाळा आला की पंधरा-पंधरा दिवस शाळेत नसे. आला की म्हणे, "गुरुजी, हाडं दुखतात." बाहेरून हातापायाला काही झालेले दिसत नसे. आम्ही त्याला कामचुकार म्हटले. एकदा वर्गाबाहेर उभे केले, थंडीत. तो दहावीपर्यंत पोचला नाही. तो गेल्यानंतर त्याच्या धाकट्या बहिणीचे रक्त तपासले, तेव्हा त्या दुखण्याचे नाव आम्हांला कळले. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार पुष्कळ आहे, विशेषतः आदिवासी घरांत. थंडीने आणि अंगातले पाणी कमी झाल्याने दुखणे वाढते, हेही तेव्हाच कळले.

विद्यार्थ्याने वरच्या चौकटीत एचबीबी ही तीन अक्षरे टाइप केली. हे जनुक रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनवते. नकाशा सरकला आणि अकराव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ थांबला. हे जनुक छोटेसे आहे, सुमारे १,६०० अक्षरांचे. तीन जाड ठोकळे आणि त्यांना जोडणारी बारीक रेघ असे ते दिसते. ठोकळे म्हणजे प्रथिनाच्या कामी येणारा मजकूर. रेघ म्हणजे मधला मजकूर, जो शरीर वाचताना गाळून टाकते. रेघेवर बारीक बाण होते आणि त्यांची तोंडे डावीकडे. बाण डावीकडे का? कारण हे जनुक उर्दूसारखे उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. धागा दुपदरी आहे. एका पदरात ए असेल तर समोरच्या पदरात टी, आणि सी असेल तर समोर जी. काही जनुके या पदरावर लिहिलेली आहेत, काही त्या.

मग त्याने आकडा टाकला: अकरावे गुणसूत्र, अक्षर ५२२७००२. पडद्यावर मोठी अक्षरे आली: सी, टी, सी. आम्ही चष्मा पुसून पाहिले. समोरचा पदर उलटीकडून वाचला की त्याचेच होते जी, ए, जी. ज्याला सिकलसेल आहे त्याच्यात मधले एकच अक्षर बदललेले असते. जीएजीच्या जागी जीटीजी. बस्, एवढेच. तीनशे कोटींतले एक. त्यामुळे प्रथिनातला एक दुवा बदलतो. रक्तातली गोल तांबडी पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारखी वाकडी होते, बारीक शिरांत अडकते आणि हाडे ठणकतात. आम्ही त्या टी कडे बराच वेळ पाहत राहिलो. विद्यार्थीही काही बोलला नाही.

हे बदललेले अक्षर आईबापांपैकी एकाकडूनच आले, तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा त्रास नसतो. उलट हिवतापाच्या जबर दुखण्यापासून थोडे रक्षणच होते. म्हणून तर पूर्वी हिवतापाचा जोर असलेल्या मुलखांत हे अक्षर टिकून राहिले. पण आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक वाटा धोका असतो की दोन्हीकडून तेच अक्षर यावे. आधीचे मूल निरोगी निघाले म्हणून पुढच्याचा धोका कमी होत नाही. हे पुष्कळांना पटत नाही.

सांताक्रूझचा नकाशा हा एका कुणाचा नाही. नमुन्याचा नकाशा आहे. त्यातला मोठा भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका माणसाच्या रक्तातून आला. त्याचे नाव गुप्त आहे. मग आपल्या रोग्याचे काय? त्यासाठी दुसरी साधने आहेत. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचे आयजीव्ही हे त्यांतले एक. रोग्याच्या रक्तातून वाचलेले शेकडो तुकडे ते नमुन्याच्या पट्टीखाली विटांसारखे रचून दाखवते. जिथे अक्षर नमुन्याहून वेगळे, तिथे वेगळा रंग. वाहकाच्या बाबतीत साधारण निम्म्या विटा रंगीत दिसतात, निम्म्या साध्या. आईची आणि बापाची, दोघांची अक्षरे अशी समोर येतात. यंत्राने वाचताना चूक केली असेल तर एखादीच वीट रंगीत असते. डोळ्यांनी पाहिल्यावर असली चूक पटकन कळते. इंग्लंडात केंब्रिजजवळ एन्सेम्बल नावाचा ब्राउझर आहे, तोही फुकट. १९९९ पासून त्याचे काम चालले आहे. आणि २०२० साली करोना आला तेव्हा सांताक्रूझवाल्यांनी त्या विषाणूच्या जेमतेम ३०,००० अक्षरांचाही नकाशा फेब्रुवारीतच उघडून दिला होता.

आता एक उणीव सांगतो. रोग्यात वेगळे अक्षर दिसले म्हणजे तोच रोग, असे नसते. पुष्कळ वेगळेपण निरुपद्रवी असते, जसे कुणाचे नाक लांब. ते ओळखायचे कसे? हेच अक्षर निरोगी लोकांत किती जणांत आहे, ते सांगणारी ओळ पाहायची. पण त्या ओळींत बराच काळ युरोपी वंशाचे लोकच जास्त होते. आपल्याकडच्या एखाद्या जमातीत सर्रास असणारे अक्षर तिथे दुर्मिळ दिसे आणि डॉक्टर घोटाळ्यात पडे. म्हणून भारत सरकारच्या जीनोम इंडिया या कामात देशातल्या निरनिराळ्या समाजांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले. जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ती फरीदाबादच्या केंद्रात ठेवली आहे.

नकाशा पाहून दुखणे बरे होते का, असे तुम्ही विचाराल. नुसता पाहून नाही. पण ऐका. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकाने बनते. ते जनुक एचबीबीच्या शेजारीच आहे, नकाशात लगेच दिसते. जन्मानंतर ते मंदावते. सिकलसेलच्या रोग्यात ते पुन्हा चालू करता आले तर? त्याला बंद ठेवणारे दुसरे एक जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, बीसीएल११ए. त्याच्या ठोकळ्यांत काही खास दिसेना. पण ठोकळ्यांमधल्या बारीक रेघेवर, जिथे काही नाही असे वाटते तिथे, रक्त बनवणाऱ्या पेशींच्या ओळीत टेकड्या उभ्या होत्या. म्हणजे तिथे बटण होते, आणि तेही रक्तापुरते. ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. नेमके ते बटण मोडणाऱ्या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडने आणि डिसेंबरात अमेरिकेने परवानगी दिली. अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यामागे सुमारे २२ लाख डॉलर आहे. आपल्या गरिबाला ते आज स्वप्नातही परवडणार नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

परवडते ते रक्त तपासणे. त्याला जीनोम वाचावा लागत नाही. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे. सरकारी दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेतात. संशय आला तर पुढची तपासणी होते आणि कार्ड मिळते. लग्न जुळवताना पत्रिका पाहता ना? त्याच्या आधी दोघांची कार्डे पाहा.

त्या मुलाची बहीण आता तीन गावे सोडून नांदते आहे. ती वाहक निघाली होती. लग्नाआधी नवऱ्या मुलाचेही रक्त तपासले. त्याच्यात दोष नव्हता. मागच्या महिन्यात ती भेटायला आली तेव्हा धाकट्याला काखेत घेऊन आली होती. आम्ही आमची वही काढून तिला तो आकडा दाखवला. तिने विचारले, "गुरुजी, माझ्या दादाचं दुखणं एवढ्याशा जागेत होतं?" आम्ही हो म्हणालो. तिने तो आकडा आपल्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतला.